ताप असेल तर आत येऊ नये

बार्ब्रू हालग्रेननं एकोणतीस वर्षं एकाच खाडीवर काढली. सात मिनिटं जायला, सात मिनिटं यायला, आणि मधल्या वेळात गाड्या चढवायच्या-उतरवायच्या. बोहुसलेनच्या किनाऱ्यावरून स्कारहोल्मेन बेटाकडे दिवसभर जी पिवळी फेरीबोट पळते, तिच्या डेकवर हात दाखवून गाड्या रांगेत लावणारी ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई म्हणजे बार्ब्रू. ट्रक मधे, मोटारी कडेला, आणि मागे होडी जोडून आलेले उन्हाळी पाहुणे सगळ्यांत शेवटी, हा तिचा नियम. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. एकदा गावच्या पाद्रीबाईंना अंत्यविधीला पोचायला उशीर होत होता. त्यांनी काच खाली करून विनवलं, तर ही म्हणाली, "जो गेलाय त्याला घाई नाही, आणि रांगेत तुझ्यापुढे चार गाड्या आहेत."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला संधिवातानं धरलं. म्हातारपणाचा नव्हे; शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, त्या जातीचा. सकाळी बोटं उघडत नसत, कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागे. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर वेन्नरहोल्मनं तिला नवं औषध सुरू केलं. वर्षातून दोनदा जायचं आणि सहा तास खुर्चीत बसून सलाईनमधून ते घ्यायचं. ते प्रतिकारशक्तीलाच खाली बसवी, त्यामुळे सांधे वाचत. बदल्यात एवढंच, की सर्दीखोकल्याच्या माणसांपासून चार हात लांब राहायचं. बार्ब्रूला तिचे हात परत मिळाले. वेन्नरहोल्मबद्दल कुणी वाकडं बोललेलं तिला खपत नसे.

ताप पहिल्यांदा आला तो २०१२ च्या जूनमध्ये, एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला. ऊन चांगलं तापलेलं, आणि बार्ब्रू डेकवर कुडकुडत उभी. फेरीचा सारंग शेल-ओके वरच्या काचेच्या खोलीतून बघत होता. तो खाली येऊन म्हणाला, "घरी जा. तू गाड्यांना हात दाखवतेयस की थरथरतेयस, लोकांना कळत नाहीये."

घरी थर्मामीटर एकोणचाळीसच्या वर गेला. घामानं चादर भिजली. सकाळी उठली तर अंग थंड, डोकं साफ, जणू काही झालंच नव्हतं. ती कामावर गेली. रविवारी ताप पुन्हा आला, बुधवारी पुन्हा. असे दोन आठवडे गेल्यावर तिनं आरोग्य केंद्राला फोन लावला. यंत्रातल्या बाईनं सांगितलं, की तुला नऊ बावन्नला फोन येईल. नऊ बावन्नला बार्ब्रू सिमेंटचा ट्रक चढवत होती. लाइफजॅकेटच्या आतल्या खिशातला फोन हाताला लागेपर्यंत वाजायचा थांबला. दुसऱ्या दिवशी दहा अठरा. तेव्हा पाण्याच्या मधोमध आवाज येईनासा झाला. तिसऱ्या दिवशी तिनं रॅम्प खाली पाडून अख्खी फेरी उभी ठेवली आणि मागे भोंगे वाजत असताना फोन घेतला.

"आत्ता ताप आहे का?" पलीकडच्या नर्सनं विचारलं.

"आत्ता नाही. परवा होता. उद्या येईल."

"मग आला की फोन कर."

"तो येतो चार वाजता. तुमची लाइन बंद होते तीनला."

नर्सनं शांतपणे सांगितलं, की पॅरासिटामॉल घे, पाणी पी, आणि वाट पाहा. हे वाक्य बार्ब्रूनं पुढे इतक्यांदा ऐकलं, की समोरच्यानं तोंड उघडलं की तीच ते पुरं करायची.

जुलैत तिची डावी पोटरी सुजून दगड झाली. तपासणीत शिरेमध्ये रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली आणि निदान आता तरी कुणीतरी तिच्याकडे नीट बघितलं. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, की गोचीड चावली होती का? बार्ब्रूला हसू आलं. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात घरात शिरण्याआधी मोजे झटकून गोचिडी काढायच्या असतात, लहान पोरांनासुद्धा ठाऊक. आईच्या जुन्या घरामागे ती दर मे महिन्यात नेचे कापायला जायची, आणि परत आली की चिमट्यानं गुडघ्यामागच्या गोचिडी उपटून दगडावर चिरडायची. "दहा-बारा तरी चावल्या असतील," ती म्हणाली. डॉक्टरनं गोचिडीपासून होणाऱ्या दोन नेहमीच्या रोगांसाठी रक्त तपासलं. दोन्ही नव्हते. त्यानं कागदावर लिहिलं, 'गोचिडीशी संबंध नाही,' आणि ते वाक्य पुढे तिच्यासोबत प्रत्येक इस्पितळात फिरलं. जो तो ते वाचायचा आणि पुढचं पान उलटायचा.

आता तिची आई. मेर्ता हालग्रेन ब्याण्णव वर्षांची, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या वृद्धनिवासात तळमजल्याच्या खोलीत राहायची. आठवण विरत चालली होती, जीभ मात्र शाबूत. बार्ब्रू आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जायची. नखं कापायची, केस विंचरायची, लोण्यात तळलेला बांगडा काटे काढून भरवायची. दुसऱ्या कुणी भरवलं तर म्हातारी तोंड मिटून घेई. इतर सगळ्या नर्सबायका "मेर्ता, घास घे ना," म्हणून दमल्या, की मुलीची वाट बघितली जायची.

वृद्धनिवासाच्या दारावर कागद होता, ताप असेल तर आत येऊ नये. ताप उतरून दोन दिवस झाल्यावरच यायचं. आदल्या हिवाळ्यात पाहुण्यांकडून आलेल्या साथीनं तिथली पाच म्हातारी माणसं गेली होती, त्यामुळे तिथली प्रमुख नर्स आनेली या बाबतीत अजिबात ऐकत नसे. आणि बार्ब्रूचा ताप दोन दिवस धड सुट्टी देत नसे. कधी नशिबानं चार दिवस मोकळे मिळायचे. तेव्हा ती धावत जायची. बाकी वेळी ती खिडकीबाहेरच्या फुलांच्या वाफ्यात उभी राहून काचेवर टकटक करायची.

"ती कोण बाई माझ्या फुलांत उभी आहे?" मेर्ता आतून विचारायची.

"तुझी मुलगी आहे," आनेली सांगायची.

"मग आत का येत नाही? दरवाजा माहीत नाही का तिला?"

काच बंद असली तरी बार्ब्रूला ओठांवरून सगळं कळायचं. सप्टेंबरात एकदा तिनं सकाळीच पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या गिळल्या, गालांना पावडर लावली आणि सरळ दारातून आत गेली. आईच्या तोंडात तीन घास गेले असतील, तेवढ्यात आनेलीनं येऊन तिच्या कपाळाला थर्मामीटर लावला. अडतीस पाच. आनेली ओरडली नाही. तिनं ताटली हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "बार्ब्रू, इथं अठ्ठावीस जण आहेत." बार्ब्रू उठली आणि बाहेर पडली. फेरीवर ती स्वतः हेच म्हणाली असती.

तिकडे वेन्नरहोल्मचं म्हणणं होतं, की हा संधिवातच नव्या रूपात उसळलाय. सांधे दुखतात, रक्तातल्या सुजेच्या खुणा वाढलेल्या, रक्तवाहिन्यांना दाह, गुठळ्या. सगळं जुळत होतं. त्यानं स्टेरॉइड वाढवलं आणि सलाईनचं औषध महिनाभर आधीच दिलं. पंधरा दिवस बार्ब्रूला इतकं बरं वाटलं, की तिनं त्याला फोन करून आभार मानले. मग ताप परत आला तो दुप्पट जोरानं. ऑक्टोबरात, इंजेक्शनं चालू असताना, दंडात दुसरी गुठळी झाली.

अशा गुठळ्यांमागे कर्करोग लपलेला असू शकतो, म्हणून आता सगळे तो शोधू लागले. तिला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या यंत्रात सरकवलं जाई. पोट पाहिलं, छाती पाहिली, हाडांमधला मगज काढून पाहिला. ताप चढला की रक्त घेऊन बाटल्यांत ठेवत, त्यात जंतू वाढतात का बघत. अकरा वेळा ठेवलं, अकरा वेळा काही वाढलं नाही. शेवटच्या यंत्राचा अहवाल सांगणारा डॉक्टर हसतमुख होता. "काही सापडलं नाही. ही चांगली बातमी आहे."

"चांगली कुणाला?" बार्ब्रूनं विचारलं. "तुम्हाला?"

त्या डॉक्टरचा चेहरा पडला. बार्ब्रू वैतागली की मुद्दाम 'तुम्ही' म्हणायची. तिच्या किनाऱ्यावर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, डॉक्टरलासुद्धा, आणि तोंडावर 'तुम्ही' म्हणणं हे शिवी देण्याच्या जवळ जातं.

मग तिच्या कागदांत एक नवा शब्द आला, ताण. ती एकटी राहते, आईची काळजी आहे, काम अंगमेहनतीचं. तरुण डॉक्टरनं तिला ताण घालवण्याच्या वर्गाला पाठवलं. बार्ब्रू मुकाट गेली, कारण नाही म्हटलं तर सहकार्य करत नाही असंही लिहितील, असं शेल-ओकेनं तिला बजावलं होतं. सहा बायका गालिच्यावर डोळे मिटून पडल्या. शिकवणारी मऊ आवाजात म्हणत होती, की पायांपासून वर चढणारी ऊब अनुभवा. बार्ब्रूला ती ऊब चांगलीच जाणवली. चारला दहा मिनिटं कमी होती. तिनं पडल्यापडल्या खिशातून थर्मामीटर काढून काखेत धरला, एकोणचाळीस एक. तो तिनं शिकवणारीच्या नाकासमोर धरला आणि बूट घालून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शेल-ओकेला हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. शेल-ओकेनं आयुष्यात तिला रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते न कळून तो म्हणाला, "मी बदलीचा माणूस मागवतो. तू आता थोडे दिवस राहू दे." नोव्हेंबरपासून ती रजेवर गेली. घरी बसून ती एका चौकटीच्या वहीत दिवसातून चारदा ताप लिहायची. कुठे दुखतंय, पायावर लाल चट्टा कधी उठला, कधी गेला, कुठली गोळी घेतली, सगळं. डॉक्टरांना ती वही दाखवायची. ते म्हणायचे, छान ठेवली आहेस, आणि परत द्यायचे. उघडून कुणी बघत नसे. डिसेंबरात वेन्नरहोल्मनं स्टेरॉइड पुन्हा वाढवलं; पुन्हा दोन आठवडे बरे गेले, मग ताप आणखी चढला. जानेवारीत त्यानं एकदा जंतुसंसर्गाच्या विभागाचं मत मागवणारं पत्र लिहिलं. तिथं रांग होती. रांगेबद्दल तक्रार करायला बार्ब्रूच्या तोंडी शब्द नव्हते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिना चढताना तिचा श्वास अडकला. गुठळी फुप्फुसात गेली होती. तिला मोठ्या इस्पितळात ठेवलं, नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई. मंगळवारी सकाळी तिच्या फोनवर आनेली होती. मेर्ताला न्यूमोनिया झालाय, चार दिवस काही खाल्लेलं नाही, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. "तू ये," आनेली म्हणाली. "मास्क, झगा, हातमोजे, सगळं देते मी. तापाचं राहू दे आता."

बार्ब्रूनं वॉर्डातल्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, की या अवस्थेत सोडता येत नाही. ती म्हणाली, मी सही करून जाते. मग त्यानं बरीच फोनाफोनी केली आणि रुग्णवाहिका मिळेल असं सांगितलं, उद्या अकराला, कारण ती सोय दुसऱ्या खात्याकडे होती. बुधवारी सकाळी न्याहारीचे ट्रे वाटत होते तेव्हा आनेलीचा दुसरा फोन आला. रुग्णवाहिका अकराला ठरल्याप्रमाणे आली. बार्ब्रूनं त्या दोघांना परत पाठवलं.

गुरुवारी फरीदे सोहराबी आली. जंतुसंसर्ग विभागातली डॉक्टर, पन्नाशीची, केस आखूड, कोटाच्या खिशात सफरचंद. रांगेतला तो कागद अखेर तिच्या हाती लागला होता.

"आज नको," बार्ब्रू भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "काल माझी आई गेली."

फरीदे गेली नाही. तिनं खुर्ची ओढली. उशापाशी वही पडलेली होती, ती उचलून विचारलं, "ही बघू का?" बार्ब्रूनं खांदे उडवले. मग कितीतरी वेळ पानं उलटल्याचाच आवाज येत राहिला. बार्ब्रूनं शेवटी मान वळवली. ती बाई पहिल्या पानापासून वाचत होती, बोट ठेवून ठेवून, आणि आपल्या कागदावर काहीतरी टिपत होती.

"स्टेरॉइड वाढवलं की दोन आठवडे बरं, मग आणखी वाईट," फरीदे म्हणाली. "दोन्ही वेळा असंच झालं. हे कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"आणि गोचिडी?"

"त्याची तपासणी झाली. तिथं लिहिलंय, संबंध नाही."

"दोन रोगांची झाली. गोचिडीच्या पोटात दोनच जंतू असतात असं थोडंच आहे?" फरीदेनं वही मिटली. "मला ठामपणे माहीत नाही, तेव्हा आशा लावत नाही. पण एक जंतू असा आहे, की तो बाटलीत वाढतच नाही. अकरा काय, शंभर बाटल्या ठेवल्या तरी रिकाम्या निघतील. धडधाकट माणसाला तो फारसा त्रास देत नाही. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली बसवलीय, त्याच्या रक्तात मात्र तो घर करतो. ताप येतो-जातो, शिरांमध्ये गुठळ्या होतात. असे रुग्ण सगळ्या युरोपात मिळून अजून हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडलेत. मी त्याच्यावरचं एक भाषण ऐकलं होतं, गेल्या वर्षी, अर्धवट झोपेत."

"मग शोधणार कसा?"

"वाढवत बसायचं नाही. रक्तात त्याच्या जनुकांचा तुकडा तरंगतोय का, ते बघायचं. एक नळी रक्त लागेल."

बार्ब्रूनं बाही वर केली. इतकं रक्त दिलं होतं, एक नळी आणखी गेली तर काय. विश्वास बसला म्हणून नव्हे. वही वाचली म्हणून दिली, असं ती नंतर सांगायची.

नऊ दिवसांनी फरीदे परत आली, तेव्हा तिच्या चालण्यावरूनच कळलं. जंतू सापडला होता. त्याचं नाव तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, निओएर्लिकिया. उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन नावाची जुनी, स्वस्त गोळी, जी कॉलेजातल्या पोरांना मुरुमांसाठी देतात. दिवसातून दोन, तीन आठवडे.

बार्ब्रू त्या पानाकडे बघत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. तिनं विचारलं, "हा जंतू माझ्यापासून दुसऱ्याला झाला असता का? खोकल्यातून, श्वासातून?"

"नाही. गोचिडीतूनच येतो. माणसाकडून माणसाला जात नाही."

"हात लावून? घास भरवून?"

फरीदेला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "नाही. अजिबात नाही. का?"

बार्ब्रूनं वही मिटून उशाखाली सारली. मग तिनं फरीदेला जायला सांगितलं, आणि त्यात 'तुम्ही' नव्हतं.

पाचव्या दिवशी ताप गेला. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले, थर्मामीटर छत्तीस आठवरून हलेना. आठवड्यानं चट्टे गेले. भूक लागली. तिकडे मरण आणि दफन यांच्यात तीन-चार आठवडे सहज जातात, त्यामुळे मेर्ताला निरोप दिला त्या शनिवारी बार्ब्रू कित्येक महिन्यांत नव्हती इतकी ठणठणीत होती. चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी आणि पावाच्या थरांचा खारा सँडविचकेक मांडला होता. जो तो येऊन तिचे हात हातात घेऊन म्हणत होता, किती छान दिसतेस, गालांवर रंग आलाय. शेजारच्या म्हातारीनं तर, आईनंच वरून बघितलं असणार, असंही म्हटलं. बार्ब्रू प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती.

आनेली काळ्या कोटात दाराशीच उभी होती. बार्ब्रू तिच्याकडे गेली आणि कसलीही प्रस्तावना न करता तिला सांगितलं, की तो ताप कुणालाही लागणारा नव्हता. सप्टेंबरातही नव्हता.

आनेलीचा चेहरा पांढरा पडला. "मला कसं कळणार होतं?"

"नव्हतंच कळणार."

"मी नियम पाळला, बार्ब्रू. तू तरी रांग मोडू दिली असतीस का?"

"नसती दिली," बार्ब्रू म्हणाली. "म्हणून तर तुझ्यावर चिडताही येत नाही. कुणावर चिडू ते तरी सांग."

आनेली रडली, आणि बार्ब्रूनंच तिला रुमाल दिला. मग दोघी भिंतीला टेकून कॉफी प्यायल्या. आनेलीनं एक गोष्ट सांगितली, की शेवटच्या आठवड्यात मेर्ता कुणाचाच घास घेत नव्हती, पण खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली होती, त्या बाईला आधी काहीतरी खायला द्या, केव्हाची उभी आहे. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते बार्ब्रूला आजही ठरवता आलेलं नाही.

एप्रिलमध्ये वेन्नरहोल्मनं तिला बोलावलं. त्यानं टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि सरळ बोलला. "तुझ्या रक्तात जंतू होता आणि मी तुझी उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबत होतो. दोनदा. मी चुकलो. हे मी लेखी कळवलंय, आणि इथल्या सगळ्या डॉक्टरांसमोर मांडणार आहे."

बार्ब्रूनं त्याच्याकडे पाहिलं. तो एकदम म्हातारा दिसत होता. तिला आरडाओरडा करायचा होता, त्यासाठी ती फेरीवर आणि बसमध्ये वाक्यं जुळवत आली होती. आता ती सगळी वाक्यं ज्याला ऐकवायची, त्यानंच आधी म्हणून टाकली होती. "मी ताप किती लिहिला होता रे वहीत," ती एवढंच म्हणाली. "तू एकदा उघडली असतीस."

"हो," वेन्नरहोल्म म्हणाला.

सलाईनचं औषध बंद केलं होतं, तेव्हा उन्हाळा संपता संपता सांध्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. दुसरं औषध देऊन पाहिलं, ते लागू पडलं नाही. डिसेंबरात तिला बुटाची नाडी बांधता येईना. वेन्नरहोल्मनं दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय तिच्यावर सोडला. बार्ब्रूनं घरी जाऊन आठवडाभर भांडी आपटली. हात हवे असतील तर त्याच खुर्चीत, त्याच सलाईनखाली जाऊन बसायचं, याची तिला मनस्वी चीड आली. जानेवारीत ती जाऊन बसली. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर आता लिहिलेलं असतं, की ताप आल्यास वाट न पाहता या जंतूची तपासणी करावी. फोनच्या रांगेत न थांबता करावी, असंही तिला लिहून हवं होतं. त्यासाठी संगणकात जागा नव्हती.

ती फेरीवर अर्धवेळ परतली आणि दोन वर्षांनी निवृत्त झाली. त्या दोन वर्षांत तिनं आरोग्य खात्याला आणि नगरपालिकेला पत्रं लिहिली. तिचं म्हणणं सोपं होतं. ज्याच्या तापाचं कारण कळलेलं नाही, त्याला दाराबाहेर ठेवण्याऐवजी पहिल्या दिवसापासून मास्क आणि झगा द्या. शेवटच्या दिवशी देता येतो तो पहिल्या दिवशीही देता येईल. आरोग्य खात्यानं पाच महिन्यांनी कळवलं, की उपचार त्या वेळच्या ज्ञानाला धरूनच झाले, आणि वृद्धनिवासाचे नियम नगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. नगरपालिकेनं कळवलं, की स्वच्छतेचे नियम आरोग्य खातं ठरवतं. बार्ब्रूनं दोन्ही उत्तरं एकाच लिफाफ्यात घालून दोन्हीकडे पाठवली. या दुसऱ्या पत्रावर खाली आनेलीचीही सही होती.

शेल-ओके तिला म्हणाला, "सोड आता. जंतू गेला, म्हातारी गेली, तू बरी आहेस. आणखी काय हवंय?"

"एकानं तरी लिहावं, की हे आमचं काम आहे," बार्ब्रू म्हणाली, आणि समोरच्या मोटारीला पुढे घ्यायची खूण केली.

तिनं दोन्हीकडे धाडलेल्या तिसऱ्या पत्राची पोच आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.